मदत हवी आहे : कोस्टा रिकात १४ जणांच्या ग्रुपने काय बघावं?

कोरांटी
नमस्कार मंडळी. अमेरिकेतून कोस्टा रिकाला चाललोय, ग्रुप मोठा आहे, १४ जण. सगळ्यांना एकत्र करता येईल असं काहीतरी हवंय : ज्वालामुखी, धबधबे, जंगल, प्राणी. नेटवरच्या याद्या वाचून डोकं फिरायची वेळ आलीय, जिथे तिथे झिपलाइन आणि फक्त झिपलाइन. रविवारपर्यंत बुकिंग करायचंच आहे. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगा. लवकर, प्लीज.

टेक्सासकर
कधी जाताय? कोणत्या विमानतळावर उतरताय, सान होसे की लिबेरिया? ग्रुपमध्ये किती वर्षांची माणसं आहेत? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सह्यवेडा
डोळे मिटून आरेनाल ज्वालामुखीला जा. आम्ही २००८ला गेलो होतो, रात्री हॉटेलच्या गच्चीवरून लाल दगड उतारावरून गडगडत येताना दिसायचे. आयुष्यात विसरणार नाही.

गवतीचहा
सह्यवेडा, ते आता दिसत नाही हो. आरेनाल २९ जुलै १९६८ला फुटला आणि पुढे चाळीसेक वर्षं धुमसत राहिला, पण २०१० पासून शांत आहे. लाव्हा बघायला म्हणून कोणी जाऊ नये. बाकी तो सुळका आणि पायथ्याशी ला फोर्तुना गाव, हे आजही बघण्यासारखंच आहे.

कोरांटी
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची सुट्टी. लिबेरियाची तिकिटं काढून झालीत. आम्ही, दिरांचं कुटुंब, नणंदेचं कुटुंब, सासू-सासरे आणि माझी आई. मुलं ४ ते १५ वर्षांची. आता सांगा!

शेवंती_न्यूजर्सी
लिबेरियाला उतरताय तर त्याच ग्वानाकास्ते प्रांताच्या किनाऱ्यावर ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट घ्या आणि तिथेच राहा. मोठ्या ग्रुपला रोज सामान बांधणं-सोडणं हा छळ असतो. म्हातारी माणसं पूलशेजारी बसतील, मुलं पाण्यात. डिसेंबरात तिकडे कोरडं असतं. आम्ही असंच केलं, सगळे खूश.

गवतीचहा
शेवंती, पूल कुठेही मिळतो. त्यांनी जंगल आणि प्राणी विचारलेत. लिबेरियाहून ला फोर्तुना अडीच-तीन तासांवर आहे. तीन रात्री तिथे, उरलेल्या किनाऱ्यावर, म्हणजे हॉटेल एकदाच बदलावं लागेल.

शेवंती_न्यूजर्सी
आणि तिथे पाऊस लागला तर? आमच्या ओळखीचे नाताळात ला फोर्तुनाला गेले होते, ढगांमुळे डोंगराचं टोक एकदाही दिसलं नाही.

गवतीचहा
लागतोच तिथे पाऊस, डिसेंबर-जानेवारीतही. पॅसिफिकची बाजू कोरडी असते, आरेनालची बाजू तशी नाही. रेनकोट न्यायचे. पावसात गरम पाण्याच्या कुंडात बसायला उलट जास्त छान वाटतं, ज्वालामुखीने तापवलेलं पाणी आणि वरून गार सरी. फक्त रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी फार वेळ बसू नये.

टेक्सासकर
वयं मुलांची सांगितलीत, मोठ्यांची नाही. कोणाला चालायचा त्रास? पायऱ्या?

कोरांटी
सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालतात, पायऱ्या नाही. आई ७१ची आहे पण ठणठणीत.

टेक्सासकर
हेच आधी हवं होतं. मग ला फोर्तुनाच्या धबधब्याला सगळ्यांना नेऊ नका. धबधबा जवळजवळ ७० मीटर उंचीचा, देखणा आहे, पण खाली जायला ५०० च्या आसपास पायऱ्या आणि तेवढ्याच परत वर. तुमची आई, तरुण मंडळी आणि मोठी मुलं जातील. तेवढ्या वेळात सासूबाईंना बोगारीन ट्रेलला न्या. गावातच आहे, सपाट वाट, आणि स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा, अगदी सावकाश हलणारा प्राणी) बघायला तिथल्यासारखी सोपी जागा नाही.

गाईड मात्र घ्याच. आमच्या गाईडने सिक्रोपियाच्या झाडाकडे बोट दाखवलं तेव्हा आम्हाला नुसता वाळक्या पानांचा पुंजका दिसत होता. त्याने टेलिस्कोप लावला, आईला पुढे बोलावलं. त्या पुंजक्याला तीन नखांचा हात होता, पाठीवर हिरवट शेवाळ, आणि तो अगदी सावकाश मान वळवून आमच्याकडे बघत होता. आई टेलिस्कोप सोडायलाच तयार नव्हती. गाईड तुमचा फोन भिंगाला लावून फोटोही काढून देतात.

नाखवा
कासवं बघा कासवं! आमच्या वेळासला अंडी घालायला येते ती ऑलिव्ह रिडले. तिकडे ग्वानाकास्तेत ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर तीच हजारोंनी एका वेळी येतात. वेळासला एक मादी दिसली तरी आम्ही श्वास रोखून बसतो, तिथे सगळा किनारा हलत असतो म्हणतात. माझं स्वप्न आहे.

गवतीचहा
नाखवा, ते मोठे लोंढे पावसाळ्यात येतात, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. यांच्या तारखांना तिथल्याच प्लाया ग्रांदे किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांचा हंगाम असतो, पण ती फार कमी उरलीत. रात्री फक्त गाईडबरोबर, मोजकीच माणसं सोडतात, आणि कासव येईलच असं नाही. चार वर्षांच्या मुलाला अंधारात तासन्‌तास गप्प बसवणार कसं?

नाखवा
दिसलं नाही तरी चालेल हो. त्या किनाऱ्यावर थांबणं हेसुद्धा खूप आहे.

कोरांटी
नाखवा, मनापासून आवडलं, पण १४ जणांना नाही जमणार. रिओ सेलेस्ते कसं आहे? फोटोत तर निळा रंग घातल्यासारखं पाणी दिसतं.

सह्यवेडा
रंग खरा आहे. तेनोरिओ ज्वालामुखीच्या जंगलात दोन ओढे मिळतात, दोन्हींचं पाणी बिनरंगाचं. एक ओढा आंबट, म्हणजे आम्लधर्मी. संगमावर पाण्यातले ॲल्युमिनियम-सिलिकेटचे कण मोठे होतात आणि सूर्यप्रकाशातला निळा तेवढा विखुरतात. त्या संगमावर उभं राहिलं की एका रेषेपासून पाणी निळं होताना दिसतं. जरूर जा. पोहायला बंदी आहे. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला असेल तर सगळं गढूळ मिळतं, म्हणून सकाळी हॉटेलवाल्याला विचारून निघा. वाट चिखलाची, धबधब्याला पायऱ्या, त्यामुळे सासूबाईंसाठी नाही.

टेक्सासकर
सगळ्यांनी एकत्र करायचं तर माझ्या मते एकच गोष्ट : ला फोर्तुनाजवळ पेन्यास ब्लांकास नदीवरचा सफारी फ्लोट. रबरी बोट, संथ पाणी, वल्ही गाईड मारतो, आपण नुसतं बसायचं. काठावर इग्वाना, माकडं, पक्षी, नशीब असेल तर स्लॉथ. चार वर्षांचं पोर आणि आजी एकाच बोटीत बसू शकतात. बुक करताना लहान मुलाचं वय आणि गुडघ्याचं दोन्ही सांगा, बोटीत चढ-उतार करायला ते हात देतात.

शेवंती_न्यूजर्सी
फिरणार कसे? तीन गाड्या भाड्याने?

सह्यवेडा
स्वतः चालवा, मजा त्यातच आहे. मनात येईल तिथे थांबता येतं.

टेक्सासकर
असहमत. १४ माणसं, कारसीट, बॅगा. ड्रायव्हरसकट मिनीबस घ्या, टोयोटा कोस्टरसारखी. डिसेंबरात तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आरेनालच्या तळ्याभोवतीचा रस्ता वळणावळणाचा आहे, अंधारात चालवू नये. गाडीच घ्यायची असेल तर ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यावर जाऊ नका. थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा आहे, तो काउंटरवर लागतो, आणि क्रेडिट कार्डाचा विमा त्याला चालत नाही. भाडं कधीकधी दुपटीवर जातं.

पुरणपोळी७२
शाकाहारी कोणी आहे का? 'कासादो' नावाची थाळी सगळीकडे मिळते : भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं. आपल्या राजेळी केळ्यासारखीच चव. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे नको) म्हणायचं. उसळीत डुकराची चरबी असू शकते, तेही विचारा. मी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं.

कोरांटी
सासू-सासरे शाकाहारी आहेत, धन्यवाद, हे विचारायचं राहिलंच होतं. मिनीबस पक्की. मान्युएल आंतोनिओचं नॅशनल पार्क पण बसवू का?

गवतीचहा
नका. ला फोर्तुनाहून चार-पाच तास आणि लिबेरियापासून उलट दिशेला. पार्क सुंदर आहे, पण मंगळवारी बंद असतं आणि तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. त्याऐवजी किनाऱ्यावर असताना रिंकोन दे ला व्हिएहा ज्वालामुखीच्या पार्कला जा. उकळता चिखल, जमिनीतून निघणारी वाफ. तिथलं लास पाइलासचं दार सोमवारी बंद असतं.

टेक्सासकर
एक विचारतो, राग मानू नका. व्हिसा सगळ्यांचे नीट आहेत ना? भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा कोणता व्हिसा चालतो हे कोस्टा रिकाच्या वकिलातीच्या साइटवर बघा, एजंटच्या शब्दावर राहू नका. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा.

कोरांटी
आमचं ग्रीन कार्ड आहे, दीर सिटिझन, सासू-सासरे आणि आई बी-२ (पर्यटक) व्हिसावर, दहा वर्षांचा मल्टिपल एंट्री. नणंद आणि तिच्या मिस्टरांचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा). पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप सप्टेंबरात संपलाय पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आहे, ते मेक्सिकोला जाऊन आलेत तसेच.

टेक्सासकर
थांबा. मेक्सिकोची गोष्ट वेगळी. संपलेल्या स्टँपवर परत येण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत गेलेल्यांना आहे, कोस्टा रिकाला नाही. कोस्टा रिकात आत सोडलं तरी परतीच्या विमानात बसू देणार नाहीत. स्टँप मिळेपर्यंत दोघं बाहेर अडकतील, नोकरीसकट. आज, आत्ता त्यांच्या वकिलाला फोन करायला सांगा.

सह्यवेडा
माझ्या माहितीत एक जण असाच गेला आणि आला, कोणी विचारलंही नाही.

टेक्सासकर
आला असेल, पण या भरवशावर कोणाला पाठवू नका. नियम स्पष्ट आहे.

कोरांटी
फोन झाला. वकिलांनीही हेच सांगितलं. नणंद आणि मिस्टर येणार नाहीत, त्यांची लेक (१५) आमच्याबरोबर येईल. घरात सगळ्यांना वाईट वाटलंय, पण टेक्सासकर, तुम्ही विचारलं नसतंत तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. खूप खूप आभार.

आता १२ जण. तीन रात्री ला फोर्तुना, उरलेल्या ग्वानाकास्तेत प्लाया हेर्मोसाच्या किनाऱ्यावर. फ्लोट, गरम कुंडं आणि बोगारीन सगळ्यांनी, रिओ सेलेस्ते आणि धबधबा हौशी लोकांनी.

गवतीचहा
भाचीसाठी आई-वडिलांचं दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवा. स्पॅनिशमध्येही एक प्रत करून घ्या.

शेवंती_न्यूजर्सी
हेर्मोसा छान आहे, पाणी बरंच शांत असतं. संध्याकाळी वारा सुटतो, आजींना शाल न्या.

कोरांटी
नोट केलं. मिनीबसच्या ड्रायव्हरला पैसे तिथल्या चलनात, कोलोनमध्ये, द्यायचे की डॉलर चालतात?

टेक्सासकर
डॉलर चालतात. नोटा फाटक्या-चुरगळलेल्या नकोत, आणि बुक करतानाच ड्रायव्हरचं जेवण-राहणं भाड्यात धरलंय का ते लेखी घ्या.