‘दुसरा क्रमांक विभागून’ आणि यादीतला अनुक्रमांक

प्रश्न : बडोद्यातील आमच्या मराठी मंडळाची सभासदनोंद आता डेटाबेसमध्ये आहे. यादी काढताना प्रत्येक ओळीपुढे आपोआप आकडा पडावा, अशी क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागणारी आज्ञा) लिहिली आहे. त्या रकान्याला ‘क्रमांक’ म्हणावे, ‘अनुक्रमांक’ म्हणावे, की येथील गुजराती नमुन्यांप्रमाणे ‘अ. नं.’ लिहावे, याबद्दल कार्यकारिणीत एकमत होत नाही.

उत्तर : ‘अनुक्रमांक’च लिहावे; जागा कमी असल्यास ‘अ. क्र.’ पुरेसे आहे. हा आकडा सभासदाचा नसून त्या यादीतल्या जागेचा असतो. आडनावानुसार मांडणी केली की आगाशे वर येतात, प्रवेशाच्या तारखेनुसार केली की कदाचित तळाशी जातात. त्यांचा सभासद क्रमांक मात्र दोन्ही वेळा तोच राहतो. म्हणून पावतीवर सभासद क्रमांकच हवा. डेटाबेसच्या तक्त्यातील ओळींना मुळात कोणताही ठरलेला क्रम नसतो, त्यामुळे ‘रो नंबर’ हे ओळींना आकडे देणारे फंक्शन वापरताना त्यापुढच्या ‘ओव्हर’च्या कंसात ‘ऑर्डर बाय’ (कशानुसार मांडायचे, ते सांगणारे शब्द) लावून मांडणी सांगावी. ओरॅकल या डेटाबेस प्रणालीतील, ओळींना आकडे देणारा जुना ‘रोनम’ त्याच क्वेरीतील ‘ऑर्डर बाय’ लागू होण्याआधीच आकडे देतो. परिणामी मांडणी झालेल्या यादीत ७, २, ११ असे आकडे एकाखाली एक दिसू शकतात, आणि त्यांना अनुक्रमांक म्हणण्यात अर्थ नाही.

प्रतिप्रश्न : मग वक्तृत्व स्पर्धेच्या निकालातही अनुक्रमांकच म्हणायचे का?

उत्तर : नाही. ‘पहिला अनुक्रमांक पटकावला’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘क्रमांक’च शोभतो. चार स्पर्धकांना ९२, ८८, ८८ आणि ८५ गुण मिळाले, तर ‘रो नंबर’ १, २, ३, ४ असे आकडे देईल आणि समान गुणांच्या दोघांपैकी २ कोणाला, हे निश्चित नसेल. आपण ज्याला ‘दुसरा क्रमांक विभागून’ म्हणतो, ते ‘रँक’ या फंक्शनने साधते, पण त्यात पुढचा स्पर्धक चौथा ठरतो, ‘डेन्स रँक’मध्ये तो तिसरा येतो. यांपैकी काय हवे, हे परीक्षकांनी बक्षिसे ठरण्याआधीच सांगितलेले बरे, नाहीतर तिसऱ्या बक्षिसावरून पालकांशी वाद अटळ आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीची आवृत्ती ८.० पेक्षा जुनी असेल, तर ही तिन्ही फंक्शने त्यात मिळणार नाहीत.