मुलाच्या पोटगीला ठरलेलं सूत्र का नाही?

कट्ट्यावरचा_बाबा
गेल्या आठवड्यात अंतरिम पोटगीचा आदेश हातात पडला. मुलगा सात वर्षांचा, आईकडे असतो. माझा हातात येणारा पगार ७८ हजार, तिचा ३५. मुलासाठी मी दरमहा १८ हजार द्यायचे. रक्कम जास्त की कमी यावर रडायला आलेलो नाही. पोरगं माझंच आहे. पण अठराच का? पंधरा का नाही, बावीस का नाही? आदेशात 'उभय पक्षांची परिस्थिती पाहता' यापलीकडे काही नाही. ओळखीतल्या एकाचा पगार जवळपास माझ्याइतकाच, मुलगी एक, त्याला नऊ हजार लागले.

मोटार अपघातात माणूस गेला तर घरच्यांना किती द्यायचे, याचा वयानुसार गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात घालून दिला. म्हणजे मेलेल्या बापाचा हिशोब तक्त्याने आणि जिवंत बापाचा अंदाजाने! टक्का ठरवून टाका, सगळेच सुटतील.

कोथिंबिरीची_जुडी
टक्का कशाचा, तेवढं सांगा. तुमची पगाराची स्लिप आहे म्हणून तुम्हाला टक्का सोपा वाटतो. आमच्याकडच्या गृहस्थांचं हार्डवेअरचं दुकान. रिटर्नमध्ये वर्षाला साडेचार लाख. गाडी भावाच्या नावावर, गाळा आईच्या नावावर, गिऱ्हाईक सगळं रोखीचं. त्या साडेचार लाखांवर तुमचा टक्का लावला तर माझ्या मुलीची रिक्षा आणि क्लास एवढंच भागेल. कोर्टाने दुकान, गाडी, राहणीमान बघून अंदाज बांधला म्हणून जरा तरी बरी रक्कम मिळाली. ज्या अंदाजाला तुम्ही नावं ठेवताय, त्यावर माझं घर चाललंय.

कट्ट्यावरचा_बाबा
म्हणजे चोर दुकानदार, आणि शिक्षा पगारदाराला?

काळा_डगला
वकिली करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

२०२० चा 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल वाचा. प्रकरण आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र सक्तीचं केलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांना एकच साचा लावता येणार नाही हेही स्पष्ट केलं. आई कमावती असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो, हेही त्यातच आहे. लोक '२५ टक्के, २५ टक्के' करत फिरतात, तो आकडा २०१७ च्या निकालात पत्नीच्या पोटगीबद्दल आला होता.

बाबासाहेब, सूत्र हवंच तर एक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये घराचं उत्पन्न वाटे घालून विभागलं होतं : कमावत्याला दोन, बाकी प्रत्येकाला एक. लावा स्वतःला. आईचं उत्पन्न बाजूला ठेवलं तर तुमचे दोन वाटे, मुलाचा एक, ७८ भागिले ३, म्हणजे २६ हजार. तिचं उत्पन्न धरून तिलाही कमावती म्हणून दोन वाटे दिले, तर पाच वाटे आणि तुमच्या पगारातून १५,६००. सूत्र एकच, उत्तरं दोन. तुमचे अठरा त्यांच्या मधे आहेत.

कट्ट्यावरचा_बाबा
१५,६०० चं सूत्र बरोबर वाटतंय मला.

काळा_डगला
वाटणारच!

पेन्शनर_नाना
आकडा कायद्यात लिहून ठेवला की काय होतं ते आमच्या पिढीने बघितलंय. फौजदारी संहितेच्या १२५ कलमात (आता नव्या संहितेत ते १४४ झालं) कमाल मर्यादा होती, मूळ कायद्यात ५०० रुपये. ती मर्यादा उठली २००१ मध्ये. डाळ-तांदूळ तोवर कुठल्या कुठे गेले होते.

कट्ट्यावरचा_बाबा
नाना, मी आकडा मागत नाही, टक्का मागतोय. टक्का महागाईबरोबर आपोआप वाढतो.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये टक्का आहे, म्हणून अनुभव सांगते. एका मुलाला एकूण साप्ताहिक उत्पन्नाच्या १२ टक्के, दोघांना १६, तिघांना किंवा जास्त असतील तर १९. हे पहिल्या ८०० पौंडांपर्यंत. वरच्या उत्पन्नावर दर कमी. उत्पन्नाचा आकडा कर खात्याकडूनच घेतात, त्यामुळे पगारदाराला लपवायला वाव नाही. धंदेवाला इथेही कमीच दाखवतो, ते दुःख दोन्हीकडे सारखं.

पण गंमत पुढे आहे. मूल ज्याच्याकडे राहतं त्याचं उत्पन्न मोजतच नाहीत. बाबा, तुमच्या त्या ३५ हजारांना इथे कोणी विचारणार नाही. आणि मूल दुसऱ्या पालकाकडे वर्षात किमान ५२ रात्री झोपलं तर रक्कम एक सप्तमांशाने कमी, १०४ झाल्या तर दोन सप्तमांश. मग काय, आईबाप डायऱ्या घेऊन बसतात. ताप आला म्हणून मूल रात्री घरी परत नेलं तर ती रात्र कोणाची? माझ्या मैत्रिणीची सगळी भांडणं ५१ वर आणि ५२ वर चालतात.

कोथिंबिरीची_जुडी
हे आमच्याकडे नकोच. मुलगी सुट्टीत बापाकडे जाते ती जायची बंद होईल, नाहीतर जबरदस्तीने नेली जाईल.

बाबा, एक विचारते. अर्ज कधी झाला आणि आदेश कधी?

कट्ट्यावरचा_बाबा
चौदा महिने गेले मधे. आता अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे २ लाख ५२ हजार थकबाकी डोक्यावर. यात माझी काय चूक?

कोथिंबिरीची_जुडी
चूक नसेल. पण त्या चौदा महिन्यांत पोरगं जेवलंच ना रोज? ३५ हजारांत.

कट्ट्यावरचा_बाबा
शाळेची दोन सत्रांची फी मीच भरली आहे.

काळा_डगला
पावत्या असतील तर वकिलाला द्या आणि थकबाकीतून वजावट मागा. तोंडी सांगून उपयोग नाही.

कट्ट्यावरचा_बाबा
आहेत. आणि लेस्टरकर, मुलगा दर शनिवारी रात्री माझ्याकडे असतो. वर्षाचे शनिवार ५२. म्हणजे तुमच्याकडे असतो तर एक सप्तमांश माफ?

लेस्टरकर
एक शनिवार चुकला की गेलं.

कोथिंबिरीची_जुडी
घ्या, काढली डायरी.