मदत हवी आहे : फुको प्रबोधनाचे (अठराव्या शतकातील युरोपीय विवेकवादी चळवळीचे) विरोधक की वारस?
फ्रेंच विचारवंत मिशेल फुको वाचताना एका ठिकाणी अडलो आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे. १९७५ सालच्या, शिक्षापद्धतीवरील ग्रंथाच्या आरंभी त्यांनी दोन दृश्ये शेजारीशेजारी ठेवली आहेत: १७५७ मध्ये पॅरिसच्या चौकात राजावर हल्ला करणाऱ्या दामियाँच्या देहाचे घोडे जुंपून केलेले तुकडे, आणि सुमारे ऐंशी वर्षांनंतरचे, बालकैद्यांचा उठण्यापासून निजण्यापर्यंतचा दिवस बांधून टाकणारे वेळापत्रक. शिक्षा सौम्य झाली म्हणजे माणूस मुक्त झाला, या आधुनिकतेच्या लाडक्या समजुतीला त्यातून जो तडा जातो, तो मला पटतो. मात्र फुको म्हणतात तशी सत्ता सर्वत्रच असेल, तर एका सत्तेपेक्षा दुसरी वाईट हे कोणत्या निकषावर ठरवायचे, हा जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. त्यातच १९८४ च्या निबंधात फुको जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७८४ मधील प्रबोधनावरील लेखाकडे वळतात आणि स्वतःला त्याच चिकित्सक परंपरेत बसवतात. ही माघार मानावी, की पूर्वीच्याच विचाराचा विस्तार? आणि हाबरमास यांच्या आक्षेपाला फुकोंच्या बाजूने कसे उत्तर देता येईल, हे कोणी उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.