कॅलेंड्युलाच्या बिया उगवत नाहीयेत, काय चुकतंय?

गच्चीवाली (पुणे)
नमस्कार मंडळी, गेल्या हिवाळ्यात नर्सरीतून कॅलेंड्युलाची तयार रोपं आणली होती, जानेवारीभर गच्ची नुसती केशरी झाली होती, म्हणून यंदा बियांपासूनच करायचं ठरवलं. गणपती विसर्जन झालं त्याच आठवड्यात पाकीट आणलं, ट्रेमध्ये कोकोपीट भरलं आणि झेंडूच्या टाकते तशाच बिया वर पसरून दिल्या, रोज दोनदा पाणी. तीसेक बियांतल्या सहाच उगवल्या आणि त्यातल्याही चार मातीलगत काळ्या पडून आडव्या झाल्या. बिया बघूनच शंका आली होती, वाकड्या, वाळलेल्या अळीसारख्या, पाठीवर खरबरीत काटे. हे नक्की कॅलेंड्युलाच आहे ना? अर्धं पाकीट शिल्लक आहे, ते वाया घालवायचं नाहीये.

मातीतला_माणूस (नाशिक)
ताई, बी अगदी बरोबर आहे. कॅलेंड्युलाच्या एकाच फुलात दोन-तीन आकाराच्या बिया निघतात, काही कोयत्यासारख्या, काही पार गोल वळलेल्या. झेंडूचं बी म्हणजे काळी बारीक काडी नि टोकाला पांढुरका झुपका. इंग्रजीत याला पॉट मॅरीगोल्ड म्हणतात म्हणून घोळ होतो, पण झेंडू मूळ मेक्सिकोकडचा आणि हे भूमध्य समुद्राकडचं, थंडीचं फूल. त्यामुळे तुमची वेळ चुकली, पुढे सगळी ऑक्टोबर हीट होती. याला 15 ते 25 अंश मानवतं, आमच्याकडे रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की मी बी टाकतो. दुसरं म्हणजे याला उगवायला अंधार लागतो, वर पसरून चालत नाही, साधारण 1 सेंमी माती वर हवीच.

कुंडीवेडी (कोल्हापूर)
वरच्या दादांचं पटलं. रोपं आडवी झाली ती बुरशीने, जास्त पाण्याचा परिणाम. माझा अख्खा ट्रे असाच गेलाय, सकाळी उठून बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून नुसतं कोकोपीट वापरत नाही, त्यात माती आणि थोडं गांडूळखत घालते आणि बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी देत नाही. उगवल्या उगवल्या ट्रे उन्हात आणा, सावलीत रोपं नुसती लांबुळकी होतात. चार-पाच पानं आली की एकेक रोप 8-10 इंची कुंडीत, आणि वीतभर झालं की शेंडा खुडायचा, जीव होत नाही तरी खुडायचा, बाजूने फांद्या फुटून दुप्पट फुलं येतात.

लाल_माती (रत्नागिरी)
आमच्याकडे कोकणात थंडी उशिरा, म्हणून मी नोव्हेंबर सरता सरता टाकते, दोनेक महिन्यांत फुलं. एकच सांगते, कळ्यांच्या देठाशी मावा येतो, काळा नि चिकट, तो रोज बघायचा. थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने जातो, नाहीतर संध्याकाळी नीम तेल. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या मात्र कोशिंबिरीत घालू नका, त्यासाठी मी दोन कुंड्या वेगळ्याच ठेवते. सुकलेली फुलं खुडत राहा म्हणजे नवीन येत राहतात, शेवटची मात्र झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी घरचंच होईल.

गच्चीवाली (पुणे)
सगळ्यांचे मनापासून आभार! पाडव्याला 20 बिया पेरल्या, मातीत 1 सेंमी खाली, वर ओलं गोणपाट. आज नववा दिवस, 14 वर आल्यात!! कोंब दिसले तसं गोणपाट काढलं. दोन रोपांच्या पानांवर बियांचं वाकडं टरफल टोपीसारखं अडकलंय, पानं उघडतच नाहीयेत. ओढून काढू का?

मातीतला_माणूस (नाशिक)
ओढू नका, पान तुटेल. बोटाने पाण्याचा थेंब ठेवा त्यावर, मऊ झालं की आपोआप गळून पडतं.