ट्रेलब्लेझर : वाट पेटवणारी की खूण करणारी?

धागाकर्ता (शिक्षक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली) :
आमच्याकडे महिला बचत गटाच्या सत्काराच्या फलकावर ‘ट्रेलब्लेझर’ हा शब्द होता आणि नववीतल्या एका मुलीने त्याचा अर्थ ‘वाट पेटवणारी’ असा सांगितला. चूक तिची नव्हे. ब्लेझ म्हटले की आगच डोळ्यांपुढे येते. येथे मात्र ब्लेझ म्हणजे बुंध्याची साल कुऱ्हाडीने तासून केलेली पांढुरकी खूण होय. उत्तर अमेरिकेच्या जंगलात शिरणारे वसाहतवाले अशा खुणा करीत पुढे जात, म्हणजे मागून येणाऱ्याला वाट सापडे. नुसते पहिल्याने जाणे एवढाच या शब्दाचा अर्थ नाही, आणि ‘अग्रणी’ म्हटले की नेमकी ती खूणच गळून पडते. माझ्या मते अर्थ समजावून हा शब्द खुशाल वापरावा.

प्रतिसाद १ :
असहमत. ‘मुहूर्तमेढ रोवणे’ घरात असताना ही उसनवारी कशाला? मेढ रोवली की तिच्याभोवती मांडव उभा राहतो आणि त्याच्या सावलीत सगळे बसतात. शिवाय जिचा सत्कार आहे, तिलाच फलकावरचा शब्द कळू नये, हा कसला सन्मान?

धागाकर्ता :
शेवटचा मुद्दा मान्य. पण मेढ आपल्या ओळखीच्या अंगणात रोवतात. रानात पुढे वाट आहे की नाही, हेच ठाऊक नसते.

प्रतिसाद २ :
आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला बाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. गावचे नेते देवाजी तोफा यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, परंतु तेथील निर्णय बहुमतानेही होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. मग ट्रेलब्लेझर कोणाला म्हणणार? हा शब्द एकट्याच्याच कौतुकाचा आहे.

धागाकर्ता :
ग्रामसभेला म्हणावे. परवान्याचे ते पुस्तक हीच सालीवरची खूण आहे. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी वनहक्काचे दावे केले, तेव्हा ‘असे झालेले आहे’ म्हणून दाखवायला एक गाव होते.

प्रतिसाद १ :
खूण पटली, शब्द पटला नाही. पुढच्या फलकावर ‘वाटेवर खुणा करून ठेवणारी’ असे लिहा, म्हणजे आपल्याला काय म्हटले ते सत्कारमूर्तीला घरी जाऊन सांगता तरी येईल.