शब्द हवा: 'हेल्थ वर्कफोर्स'

चाळकरीण: एका पत्रकाचं मराठी करतेय. देवी, पोलिओ या मोहिमा कुणाच्या जिवावर पार पडल्या, असा विषय. 'हेल्थ वर्कफोर्स'ला मी 'आरोग्य मनुष्यबळ' लिहिलं आणि मावशीला वाचून दाखवलं. तिने कुर्ल्याच्या वस्त्यांत पंचवीसेक वर्षं दारं वाजवलीत. म्हणाली, "गोणी मोजल्यासारखं वाटतं गं." मग 'आरोग्य स्वयंसेविका' केलं, तर भडकलीच. "त्या शब्दापायीच तर आम्हाला पगार नाही, मानधन आहे." दुसरं काही सुचवा.

परिभाषाप्रेमी: 'मनुष्यबळ' रूढ आहे, सरकारी कागदांत सर्रास येतो. परिभाषा अशी घरोघर विचारून ठरत नसते.

गिरणगावकर: का बरं? घरोघर तीच फिरली ना! अहो, शब्दांवर पोटं अवलंबून असतात. 'आशा' २००५ ला आली, तिच्या इंग्रजी नावातला शेवटचा 'ए' ॲक्टिव्हिस्टचा. म्हणजे कार्यकर्ती, कर्मचारी म्हणायला नको. अंगणवाडीची 'सेविका' १९७५ पासून सेवाच करतेय, तिच्या हाताखालची तर नुसती 'मदतनीस'. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोघींना ग्रॅच्युइटी लागू केली, तेव्हा मानधन हे वेतनाच्या व्याख्येत बसतं असं सांगावं लागलं.

पाणिनीचा_शेजारी: 'मानधन' हा मुळात बहुव्रीही. मान हेच ज्याचं धन तो. भारवीच्या किरातार्जुनीयात, पहिल्याच सर्गात, दुर्योधनाचे योद्धे 'मानधन' आहेत आणि लगेच पुढे 'धनार्चित'ही आहेत, म्हणजे पैसे देऊन गौरवलेले. आपण पहिलं विशेषण घेतलं, दुसरं सोडलं.

गिरणगावकर: म्हणजे दुर्योधन बरा!

चाळकरीण: हे मावशीला सांगते. पण शब्द?

सायन_लोकल: तुमची मावशी स्वतःला काय म्हणते? आमच्याकडे 'पोलिओवाली ताई' एवढंच चालायचं. नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

चाळकरीण: काहीच म्हणत नाही. "ड्युटीवर होते" म्हणते. तिची भाषा निराळीच. डोस दिला की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर खूण, चौकटीवर खडूने 'पी'. मूल राहिलं तर 'एक्स'. रात्री आठला, बाप कामावरून आला की, ती पुन्हा जिना चढायची आणि घरी येऊन सांगायची, "आज तीन एक्सचं पी केलं." एका घरी सहा फेऱ्या मारल्या होत्या. सातव्यांदा त्या बाईने चहा दिला आणि मुलाला पुढे केलं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, त्याच्या मागे असे किती जिने असतील!

आजोळ_दापोली: आमची आजी 'देवी काढायला माणूस आलाय' म्हणायची. माणूस, बस. आम्ही माळ्यावर लपायचो. 'देवी टोचणे'पेक्षा 'देवी काढणे' जास्त चालायचं.

पाणिनीचा_शेजारी: 'लस' म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. देवीची लसही आधी फोडातूनच घेत. म्हणून शब्द नेमका आहे. चीड येते ती 'लशीकरण' ऐकून.

परिभाषाप्रेमी: का? 'लशीचा डोस', 'लशीची बाटली' म्हणतो ना आपण? मग लशीकरण.

पाणिनीचा_शेजारी: ते विभक्तीचं सामान्यरूप. '-ीकरण'मधली 'ई' संस्कृत च्वि प्रत्ययाची, म्हणजे 'आधी नव्हतं ते करणं' दाखवणाऱ्या प्रत्ययाची, तिचा त्या 'शी'शी संबंध नाही. शुद्धीकरण, एकीकरण, तसं लसीकरण.

परिभाषाप्रेमी: 'लस' संस्कृत आहे तरी का, की तिला च्वि लावायचा? देशी शब्दाला संस्कृत शेपूट लावताना चालतं, आणि मावशींचं मनुष्यबळ चालत नाही!

गिरणगावकर: मनुष्यबळ माझ्या मते चालत नाही. 'आरोग्य कर्मचारी' लिहा. त्यात पगार गृहीत आहे.

परिभाषाप्रेमी: गृहीत आहे, पण मिळत नाही. मग ते असत्य कथन झालं. पत्रकात वस्तुस्थिती हवी.

सायन_लोकल: अनुवादात वस्तुस्थिती आणायची की मूळ मजकूर? मुळात तर नुसतंच 'वर्कफोर्स' आहे ना?

चाळकरीण: पत्रक उद्या छापायला जातंय. मावशीने पेन घेतलं, दोन्ही शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'लसिकरण करणाऱ्या बायका.' पुरुषही होते म्हटलं, तर म्हणाली, "होते ना, गाडीत." तेच ठेवतेय.

पाणिनीचा_शेजारी: 'सि' दीर्घ करा.