सांगली-साताऱ्यात सायबर सुरक्षेची सेवा: डेमो होतात, ऑर्डर निघत नाही

कृष्णाकाठ
सांगलीतली पाच जणांची कंपनी. ग्राहकाच्या संगणकांवर एजंट (नजर ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवायचा, लॉग (संगणकावरच्या हालचालींच्या नोंदी) चोवीस तास बघायचे, इशारा आला की फोन करून उपाय सांगायचा, अशी सेवा. दर महिन्याला प्रति संगणक 250 रुपये अधिक जीएसटी. नागरी बँका, पतसंस्था आणि कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, सगळ्यांना एकच प्रेझेंटेशन दाखवतो. महिनाभराची मोफत चाचणी सगळे घेतात, मग ‘मीटिंगमध्ये ठेवतो’ म्हणतात आणि विषय तिथंच थांबतो. आधी कुणाकडे जावं? चाचणीनंतर ऑर्डर निघायला काय करावं?

सहकार_आयटी
तिघांच्या गरजा वेगळ्या, म्हणून प्रेझेंटेशनही वेगळंच हवं. नागरी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचं 31 डिसेंबर 2019 चं परिपत्रक नीट वाचा. त्यात बँकांच्या चार पातळ्या आहेत आणि आपली पातळी बँकेनं स्वतः तपासून ठरवायची असते. स्वतःचं एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार जोडणारी यंत्रणा), स्विफ्ट (परदेशी व्यवहारांचे संदेश नेणारं जाळं), इंटरनेट बँकिंग यांवर ती अवलंबून असते. सी-सॉक, म्हणजे सायबर सुरक्षेवर सतत नजर ठेवणारं केंद्र, चौथ्या पातळीला लागतं. पहिल्या पातळीच्या बँकेला सी-सॉकचं कोटेशन दिलंत तर आयटी प्रमुख तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येतात, हे परिपत्रक त्यांना लागू नाही. ते दाखवून पतसंस्थेला घाबरवणं चुकीचं आहे.

प्रस्ताव दोन पानांचा करा. डावीकडे ऑडिटरचा शेरा जसाच्या तसा, मध्ये तुमचं काम, उजवीकडे पूर्ततेची तारीख. संचालक मंडळाला मंजुरी द्यायला हाच कागद सोपा पडतो. सभेच्या विषयपत्रिकेत विषय यायचा तर आठ-दहा दिवस आधी फाईल वर गेलेली हवी. मार्चअखेर आणि सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेच्या धांदलीत कुणी वेळ देत नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात सीबीएस (बँकेचं मुख्य व्यवहार-सॉफ्टवेअर) पुरवणाऱ्या कंपनीशी बोला. ‘सर्व्हरवर दुसऱ्याचा एजंट बसवल्यास जबाबदारी आमची नाही’ असं त्यांचं एका ओळीचं पत्र आलं की फाईल बंद.

तासवडे_लाईन
कारखान्याच्या मालकासमोर परिपत्रक ठेवून उपयोग नाही. तिथं दोनच विषय काढा. पहिला, टॅली असलेला सर्व्हर. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून स्टॅटिक आयपीवर (कायमच्या इंटरनेट पत्त्यावर) 3389 पोर्ट, म्हणजे दुरून संगणक चालवायचं दार, उघडं ठेवलेलं असतं, आणि रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायची ही नेहमीची वाट आहे. पोर्ट बंद करून व्हीपीएन (सुरक्षित खाजगी जोडणी), ओटीपी आणि नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप, एवढं आधी विका. दुसरा विषय, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा पुरवठादाराच्या नावानं येणारा मेल.

भेटीला जाण्याआधी त्यांच्या डोमेनचं एसपीएफ आणि डीमार्क रेकॉर्ड (डोमेनच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं आणि नकली मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बघून जा. ते जाहीरच असतं. पण पोर्ट स्कॅन (उघडी पोर्ट शोधणं) लेखी परवानगीशिवाय करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली तुम्हीच अडकाल.

डीमार्क लावताना घाई नको. दोन-चार आठवडे ‘नन’वर (मेल न अडवता नुसतं बघणं) ठेवून रिपोर्ट गोळा करा. वेबसाईटचा फॉर्म, पगाराचं सॉफ्टवेअर असं कोण कोण मेल पाठवतं ते शोधा. मग ‘क्वारंटाईन’ (संशयित मेल स्पॅममध्ये), शेवटी ‘रिजेक्ट’ (मेल नाकारणं). थेट ‘रिजेक्ट’ केलं की ग्राहकाची स्वतःचीच बिलं पोचत नाहीत. एक अक्षर बदलून घेतलेल्या नकली डोमेनवर याचा इलाज नाही, हेही आधीच सांगा. तिथं आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खातं पडताळायचं, हाच नियम.

साखर कारखान्याकडे गळीत हंगामात जाऊ नका. मे-जूनमध्ये देखभालीची कामं निघतात, तेव्हा गाठा.

सहकार_आयटी
डीमार्कवरून एक भर. बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’ डोमेनवर जायचं होतं. नव्या डोमेनकडे सगळे बघतात, जुनं मात्र तसंच राहतं. त्यावरून मेल जाणं बंद झालं की तिथं ‘रिजेक्ट’ लावा आणि नूतनीकरण चुकू देऊ नका. बँकेत पाय ठेवायला हे छोटं काम चांगलं.

विश्रामबाग_एसओसी
चाचणी मोफत देऊ नका. 20 संगणक, 30 दिवस, ठरावीक रक्कम, आणि ती पहिल्या बिलातून वजा. पैसे मोजले की ग्राहक अहवाल वाचतो. सुरू करण्याआधी एका पानावर सही घ्या: इशारा किती मिनिटांत कळवायचा, चुकीचे इशारे आठवड्याला किती चालतील, निर्णय कोण आणि कुठल्या तारखेला घेणार.

चाचणी बिघडते ती पहिल्या तीन दिवसांत. जुना अँटिव्हायरस आणि तुमचा एजंट एकमेकांची फाईल तपासत बसतात, संगणक रखडतो, आणि कर्मचारी एजंट काढून टाकायला सांगतात. म्हणून आधी एकमेकांच्या फोल्डरला तपासणीतून सूट द्या, पाच संगणकांवर दोन दिवस बघा, मग बाकीचे. विंडोज 7 ची यंत्रं आधी मोजा.

तुमच्या दराबद्दलही बोलायला हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवावे लागतात आणि घटना 6 तासांत कळवावी लागते. एका संगणकाचा रोजचा लॉग 200 एमबी धरला तर 60 संगणकांचे 12 जीबी, म्हणजे 180 दिवसांचे 2,160 जीबी. तुमच्या दरानं या 60 संगणकांचे हातात येतात महिना 15,000 रुपये. फायरवॉलचे (नेटवर्कच्या वेशीवरच्या सुरक्षा यंत्रणेचे) लॉग त्यातच घेतले तर सौदा तोट्यात जाईल. त्यांचा दर वेगळा लावा.

कृष्णाकाठ
एएमसी (वार्षिक देखभाल करार) करणाऱ्या हार्डवेअरवाल्यांमार्फत विकावं का? आणि पैसे वेळेवर यायला काय करता?

तासवडे_लाईन
कारखान्यांत त्यांच्यामार्फतच जा. मालकाचा भरवसा त्यांच्यावर असतो. त्यांना वगळलंत तर एजंट बसवायला ॲडमिन पासवर्ड मिळायलाच महिना जाईल. पहिल्या वर्षी एकदाच कमिशन देण्यापेक्षा दर नूतनीकरणावर हिस्सा द्या, म्हणजे ग्राहक टिकवण्यात त्यांचंही हित राहतं. इशाऱ्याचा फोन मात्र तुमच्याकडूनच थेट ग्राहकाला जाऊ द्या.

विश्रामबाग_एसओसी
बँकेत हा मार्ग चालत नाही, तिथं पहिल्या दहा ऑर्डरी संस्थापकानं स्वतः आणाव्यात. पैशांसाठी उद्यम नोंदणी करा आणि क्रमांक बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत देणं बंधनकारक आहे. बिल तिमाही आणि आगाऊ ठेवा. तीन कोटेशन मागतील तेव्हा ‘180 दिवस लॉग साठवण धरून’ हे शब्द तुमच्या कोटेशनमध्ये असू द्या. नाहीतर साठवण न धरता दिलेल्या स्वस्त दराशी तुमची तुलना होईल.